पार्श्वभूमीचा आवाज

प्रयोगशाळेत आवाज करणाऱ्या सात गोष्टी होत्या: छताचे दोन पंखे, ट्यूबलाइटचा चोक, भिंतीवरचं घड्याळ, ठिबकणारा नळ, खिडकीची सैल तावदानं आणि कपाटामागची पाल. नंदिनी एकेकीचा बंदोबस्त करी. पंखे आणि दिवा बटणाने बंद. घड्याळाचा सेल काढून टेबलावर. नळाच्या तोंडाला चिंधी, म्हणजे थेंब टपकण्याऐवजी चिंधीवरून घरंगळत खाली जाई. तावदानांच्या फटींत मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांच्या घड्या. सातांतले सहा आवाज असे गेले की उरे ती पाल, आणि पालीपुढे तिचं काही चालत नसे. मग फोनवर ॲप उघडायचं. पडद्यावर हिरवा पट्टा आला म्हणजे खोली पुरेशी शांत आहे. पट्टा लाल झाला तर थांबायचं. एका बैठकीत दोनदा लाल झाला, इकडच्या आवाजाने असो की फोनपलीकडच्या, तर ॲप स्वतःच बोलणं तोडून टाकी.

बोलणं हेच काम होतं. दूरच्या शहरातली कुठलीशी कंपनी यंत्रांना बोलीभाषा शिकवत होती. झाडीपट्टीतला, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाचा माणूस काय म्हणतो ते यंत्राला कळावं, म्हणून खरी माणसं हवी होती, दोन-दोन, एकमेकांशी फोनवर बोलणारी. विषय ॲप देई. पंधरा मिनिटं बोलायचं. आवाज गाळलेला, साफ केलेला चालत नसे. जसा येईल तसा कच्चा लागे. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘फावल्या वेळेत, घरबसल्या, आपल्या बोलीत.’

फावला वेळ नंदिनीकडे भरपूर होता. ती मुलचेऱ्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढीच नोकरी. दुसऱ्या वर्षाला चार विद्यार्थी होते. धानाच्या निंदणाला दोघे गेले की वर्ग दोघांचा. भाड्याची खोली पिठाच्या गिरणीला लागून होती, तिथे हिरवा पट्टा येण्याची सोय नव्हती. घर चंद्रपूरला. फोनवर आई रोज परमनंटचं काय झालं ते विचारी आणि काहीच झालं नाही हे कळल्यावर दोघींनाही पुढे बोलायला सुचत नसे. एमएस्सीच्या वर्गातल्या मुली पुण्याला, नागपूरला पांगल्या होत्या. एका सोमवारी हजेरी घेताना तिचा आवाज घोगरा निघाला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, शनिवारी दुपारपासून आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही.

कॉलेजात तिच्याशी बोलणारा एकच माणूस होता, शिपाई श्रावणभाऊ. तोही एजन्सीमार्फत आलेला, अर्ध्या दिवसापुरता. सकाळी गेटापाशी फोनसमोर चेहरा धरला की त्याची हजेरी लागे, दुपारी एकला तसाच चेहरा धरून तो सायकलवर टांग टाकी.

“यंत्र मले पायते, मी यंत्राले पायतो,” तो म्हणे. “बाकी कालेजात मले कोनी पायत नाई.”

एकदा जायच्या आधी त्याने प्रयोगशाळेत डोकावलं. नंदिनी तावदानात कागद कोंबत होती.

“मॅडम, पंखा बंद करून बसल्या? उकडून मराल ना!”

“काम आहे, श्रावणभाऊ. बोलायचं काम.”

“बोलाचं बी काम रायते काय? आमची बायको दिवसभर फुकट करते. तिले द्या ना कंपनीचा पत्ता, मले तरी सुटका भेटन.”

तो हसत गेला. सायकलचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. त्यानंतर दुपारभर इमारतीत ती एकटीच असे.

ॲपचा कारभार ‘साथी’ नावाचा कोणीतरी पाहत होता. साथी सकाळी शुभेच्छा देई, संध्याकाळी तारे देई, चुकलं तर इशारा देई. त्याच्याकडून तिला कळलं होतं की तिच्या गटात चारशे बारा वक्ते आहेत. त्यांतला एकही तिने पाहिला नव्हता. पहिल्याच आठवड्यात साथीने तिचे दोन संवाद नाकारले: ‘आपली बोली पुरेशी स्थानिक नाही.’ शाळेत ज्या शब्दांसाठी बाईंनी छड्या मारल्या, तेच शब्द आता मागून घेत होते. तिने साथीला लिहिलं, ‘मला याबद्दल कुणाशी तरी बोलायचं आहे.’ उत्तर लगेच आलं, ‘आपल्या भावना आम्ही समजतो. आजचा विषय: भाजीबाजार.’

त्या भाजीबाजाराच्या दिवशी एक बाई पहिल्यांदा तिच्या जोडीला फोनवर आली.

“जेवली काय वो माय?” हे तिचं पहिलं वाक्य. आवाज जाडसर, साठीचा असावा. मागे कुठे तरी कोंबडी कुरकुरत होती.

“जेवली,” नंदिनी म्हणाली. “तुम्ही?”

“मी कवाचीच. काय भाजी होती?”

“वांगी.”

“वांगी! मंग हिरवा सांभार चिरून टाकला होता का नाई वरून?”

बाजार आपोआप सुरू झाला. पंधरा मिनिटं कशी गेली ते नंदिनीला समजलं नाही. दुसऱ्या खेपेला मात्र घोळ झाला. विषय होता शाळा. बाईने मधेच विचारलं, “तू कोनाची वो? कोनतं गाव तुयं?” यात गैर काही नव्हतं. या भागात माणूस भेटलं की आधी गाव, मग घर, मग आडनाव, आणि त्यातून नातं लागलं तर लागलं. त्याशिवाय पुढे बोलावं तरी कोणत्या भरवशावर? नंदिनीनेही न विचार करता सांगितलं, “चंद्रपूरची.”

संध्याकाळी साथीचा इशारा दोघींनाही गेला. वक्त्यांनी एकमेकांना नाव, गाव, फोन नंबर सांगणं नियमबाह्य. पुन्हा झाल्यास दोन्ही खाती बंद.

पुढचे दोन संवाद बाई घाबरून नुसतं हो-नाई करत राहिली. तिसऱ्यांदा विषय निघाला बँकेचे व्यवहार. पहिलं मिनिट नुसत्या कोंबडीच्या कुरकुरीत गेलं.

“बाई, बोला ना काही,” नंदिनी म्हणाली.

“बँकीत काय बोला लागते वो? रांगेत उभी राह्यली, अंगठा लावला, घरी आली. झाली बँक!”

नंदिनीला हसू फुटलं, तिकडे बाईलाही फुटलं. मग त्यांनी त्या रांगेत कोण कोण उभं असतं ते सांगायला घेतलं: पिशवीत कोंबडं घेऊन आलेला म्हातारा, पुढच्या बाईच्या पदराला धरून झोपलेली म्हातारी. पंधरा मिनिटं पुरली नाहीत. नावगाव वगळून काय बोलता येतं, याचा दोघींनाही अंदाज आला होता.

त्या दिवसापासून आठवड्याचे तीन दिवस नंदिनीला वाट पाहण्यासारखं काही झालं. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. बाईची सून फोन लावून देई आणि दार लोटून निघून जाई. “आवाज नाई पायजे मनते तुयी कंपनी, मनून घरात कोनी थांबत नाई. लेकरायले बी हाकलते. बाकी दिवस तं कोनी माह्यासंगं बोलत नाई, आन् बोलाच्या दिवशी घर रिकामं करते,” बाई एकदा म्हणाली. तिला ते गमतीचं वाटत होतं. नंदिनीला वाटलं नाही. तिने विषय पुढे ढकलला.

बाई कुठे राहते हे विचारायचं नव्हतं. पण ऐकू नये असं कुठल्या नियमात नव्हतं, आणि नंदिनीचा स्वभावच असा की प्रश्न पुढ्यात असला की उत्तर काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. जोडी नेहमी वेगवेगळ्या तालुक्यांतली लावतात, किमान पन्नास किलोमीटरवरची, हे साथीने आधीच कळवलं होतं. वक्त्याने नाव नोंदवताना गाव सांगितलं असेल त्यावरून. म्हणजे बाई दूरची. पुढचं बाईच्या बोलण्यातून येत गेलं. ‘माझे गाव’ या विषयावर ती कधी नव्हे इतकी रंगली. गावाला जायला डोंगा लागतो. नदी भरली की दोन-दोन दिवस पलीकडे जाता येत नाही. पात्र एवढं रुंद की पलीकडच्या माणसाचा रंग कळतो, तोंड नाही. घाटावर शंकराचं देऊळ, देवळाच्या पायऱ्या पुरात बुडतात. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि प्रेक्षक डोंग्याने येतात.

एवढं रुंद पात्र म्हणजे वैनगंगा. नंदिनीने नकाशा उघडला. पूल जवळ नाही, घाट आहे, देऊळ काठावर आहे, असं शोधत ती आरमोरीच्या वरच्या अंगाला दोन गावांवर येऊन थांबली.

आणि एका रविवारी ती खरोखर गेली. सकाळच्या पहिल्या एसटीने गडचिरोली, तिथून आरमोरी, पुढे वडापच्या जीपने घाटाच्या फाट्यापर्यंत. देऊळ होतं. खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. पलीकडे झाडांच्या ओळीमागे कौलं दिसत होती, आणि त्यांच्यासमोर धुणं धुणाऱ्या बायकांच्या साड्यांचे रंग. तोंडं कळत नव्हती. तिला बरं वाटलं. गणित सुटल्यावर वाटतं तसं.

डोंगेवाला डोंग्यातलं पाणी डब्याने उपसत होता. “पलीकडं जाच हाय काय बाई?”

“हो.”

“कोनाच्या घरी?”

नंदिनीने पलीकडच्या कौलांकडे पाहिलं.

“आडनाव तं सांगा. मले सारे घरं ठाऊक हायत.”

“आडनाव माहीत नाही.”

“मंग नाव?”

“तेही नाही.”

त्याने डबा खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “सर्व्हेवाल्या हाव काय?”

“नाही.”

“मंग कायले जाता?” त्याने हे उर्मटपणे विचारलं नाही, त्याला खरंच कळत नव्हतं. ज्याच्या घरी जायचं त्याचं नाव नाही, असं माणूस त्याच्या डोंग्यात आजवर बसलं नसावं. नंदिनीने बिस्किटाचा पुडा फोडला, एक त्याला दिलं, आणि परतीच्या जीपची वेळ होईपर्यंत पायरीवर बसून राहिली. पलीकडून बायकांच्या बोलण्याचा गलका वाऱ्यावर येत होता. त्यात तो जाडसर आवाज आहे का, हे ती कान देऊन ऐकत होती. एवढ्या अंतरावरून आवाज वेगळे काढता येत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं.

ऑक्टोबर लागला तसा साथीचा निरोप आला: ‘अभिनंदन! आपल्या बोलीचे लक्ष्य पूर्ण होत आहे. आपला उर्वरित संवाद: एक. स्वच्छ नोंद असलेल्या वक्त्यांना पुढील टप्प्यात प्राधान्य.’

पुढच्या टप्प्यात जोडीला हीच व्यक्ती मिळेल का, असं तिने विचारलं. जोड्या प्रणाली ठरवते, असं उत्तर आलं.

गुरुवारची रात्र तिने यावरच विचार करण्यात घालवली. गाव विचारलं तर संवाद नाकारला जाईल आणि दोघींची खाती जातील. बाईला पुढचा टप्पा हवा होता. “पुढच्या खेपेले बी तूच येजो,” असं तिने दोनदा म्हटलं होतं, जणू ते नंदिनीच्या हातात होतं. पण पुढच्या खेपेला ती येणारच नव्हती. चारशे बारा वक्त्यांतून प्रणाली दुसरं कोणी तरी उचलणार, आणि बाई त्या दुसऱ्या कोणाला विचारणार, जेवली काय. न विचारता खातं राहिलं तर बाईला काम राहील, माणूस राहणार नाही. आणि विचारलं तर निदान डोंग्यात बसता येईल. सकाळपर्यंत तिचं ठरलं होतं.

शुक्रवारी दुपारपासून आभाळ भरून आलं होतं. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. तिने आवाजांचा बंदोबस्त केला. अंधारलेल्या खोलीत हिरवा पट्टा उजळला. विषय होता प्रवास.

“जेवली काय वो माय?”

“जेवली, बाई. तुम्ही?”

“जेवली. आज आखरी हाय मनते ना?”

“हो.”

“सून मनत होती. बरं हाय, तिले बी फोन लावून द्याचा तरास नाई.” तिने खाकरून आवाज मोकळा केला. “आज काय इषय?”

“प्रवास.”

“बापा! मी कुठी गेली प्रवासाले? लगन झालं तवा बंडीत बसली, तोच एक प्रवास. दोन दिस लागले. एक रात झाडाखाली काढली. बैलाचे घुंगरू वाजे आन् मी रडो, घुंगरू वाजे आन् मी रडो. सासरा मने, बैल थकले पर हे पोरगी नाई थकली.”

नंदिनी हसली. पडद्यावरचं सेकंदांचं घड्याळ पुढे सरकत होतं. पाच मिनिटं संपली. आता, नाही तर नाही.

“बाई, तुमचं गाव कोणतं?”

मग बाई हळूच म्हणाली, “अवो, इचारू नाई मनते ना ते?”

“आज शेवटचं आहे. सांगा तुम्ही.”

“मले वाटलंच होतं, तू इचारशील,” बाईच्या आवाजात हसू होतं. “बेलघाटा. वैनगंगेच्या तीरावर. महादेवाचं देऊळ हाय तिथी.”

नकाशावरच्या दोन गावांतलं एक. नंदिनीचं तेवढ्यापुरतं उत्तर बरोबर आलं होतं. “मी येऊ तुमच्याकडे? दिवाळीत? डोंग्याने येते.”

“डोंग्यानं कायले? तिथी कोन हाय आता? भाऊ मेला, भावजय पोरापाशी गेली. घर बी पडलं.”

“पण तुम्ही…”

“मी तं इथी हाव ना. लगन होऊन आली तवापासून इथीच.”

नंदिनी स्टुलावर ताठ झाली. “मग गाव बेलघाटा कसं सांगता?”

“गाव इचारलं ना तू? कंपनीच्या पोरानं बी गाव इचारलं, मी तेच सांगतली. बाईमानसाचं गाव मंजे माहेर. इथी तं घर हाय. गाव कसं मनू?”

“बाई, इथी म्हणजे कुठी?”

खिडकीबाहेर सगळं आवार पांढरं झालं. फाटक, सायकलींची शेड, पलीकडचे धानाचे बांध, सगळं क्षणभर दिसलं आणि गेलं. आणि त्याच क्षणी फोनमधून बाई ओरडली, “अगं माय! केवढी चमकली!”

नंदिनीची नजर सेकंदांवर गेली. सहा मिनिटं वीस.

ती सेकंद मोजू लागली. सहा चोवीसला इमारतीवर गडगडाट कोसळला, तावदानांतल्या उत्तरपत्रिकांच्या घड्या थरथरल्या, आणि पट्टा लाल झाला. ‘पार्श्वभूमीचा आवाज मर्यादेबाहेर. पहिली सूचना.’

“काय मनून राह्यली? आयकू नाई आलं,” बाई म्हणत होती. “तुयाकडं बी गरजून राह्यलं काय वो?”

“बाई, बोलू नका. जरा थांबा. फक्त थांबा.”

“काऊन?”

“ऐकायचं आहे.”

बाई थांबली. फोनमध्ये कोंबडीची कुरकुर, कुठे तरी भांड्याचा एक आवाज. पट्टा पुन्हा हिरवा झाला. तीस. बत्तीस. चौतीस. सहा पस्तीसला फोनमधून गडगडाट आला, लांबून घरंगळत आलेला, जड. बाई पुन्हा म्हणाली, “अगं माय,” या वेळी पुटपुटत, आणि तिचं वाक्य पुढे जाण्याआधी पट्टा लाल झाला.

‘दुसरी सूचना. संवाद समाप्त. आपल्या बोलीचे लक्ष्य पूर्ण झाले आहे. साथी परिवारातर्फे धन्यवाद.’

नंदिनीने लगेच परत फोन लावायचं बटण शोधलं. तिथे ते कधीच नव्हतं. तिने ॲप बंद करून पुन्हा उघडलं. पडद्यावर एक फुलांचा गुच्छ आला आणि त्याखाली पाच तारे.

बाहेर थेंब पडायला लागले होते. तिने दिवा लावला, पंखे सुरू केले, नळाची चिंधी काढली. मग खडू घेऊन फळ्यापाशी गेली.

भिंतीवरच्या तापमापकात तीस अंश होते. तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला तीनशे एकोणपन्नास मीटर जातो. वीज दोघींनी एकाच क्षणी पाहिली, एकच वीज. फोनच्या वाटेत अर्धाएक सेकंद जातो, तो तिने सोडून दिला. वीज कडाडली ती जागा दोघींच्या बरोबर मधे असेल तर दोन्ही अंतरांची बेरीज करायची; दोघी तिच्या एकाच बाजूला, एका रेषेत असतील तर वजाबाकी. खरं अंतर या दोहोंच्या दरम्यान.

वीज ते प्रयोगशाळा: चार सेकंद, १,३९६ मीटर.

वीज ते बाईचं घर: पंधरा सेकंद, ५,२३५ मीटर.

प्रयोगशाळा ते बाईचं घर: कमीत कमी ३.८ किलोमीटर, जास्तीत जास्त ६.६ किलोमीटर.